थळभरीत, थळमोड आणि एक पार्सल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कशेडी घाटाला बोगदा झाल्यापासून जुन्या रस्त्यावरची वर्दळ ओसरली आहे. त्यामुळे पोस्टमनच्या मोटारसायकलचा आवाज आता लांबूनच ओळखू येतो. तो आला, पार्सल ओटीवर ठेवले आणि म्हणाला, ‘‘यावर पैसे भरायचे आहेत.’’

पार्सल माझ्या पुतणीचे. ती महाडला कॉलेजात शिकते. तिला सुलेखनाचा नाद आहे. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने परदेशातल्या एका दुकानातून बोरू आणि शाईचा संच मागवला होता. किंमत भरली, टपालखर्च भरला. आता दारात मागितलेली रक्कम मूळ किमतीच्या जवळजवळ निम्मी होती. पोरीचा चेहरा उतरला. ‘‘चाचा, किंमत तर दिली. मग हे पैसे कसले?’’

बी.ए.ला माझा इतिहास होता, एवढ्या भांडवलावर घरातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. मी म्हटले, ‘‘जकात.’’ ती आणखीच गोंधळली. कारण आमच्या घरात जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला चाळिसावा हिस्सा, गरजवंताला द्यायचा. शब्द एकच, मूळ अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि नाक्यावर जाऊन बसला. घरातली जकात मागायला कोणी येत नाही. नाक्यावरची दिल्याशिवाय कोणी पुढे सोडत नाही.

आमचा हा मुलूख तर जकातीच्या वाटेवरचाच. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते सावित्रीत शिरत, माल दासगाव-महाडला उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. त्या काळच्या कागदपत्रांत दोन सुरेख शब्द आहेत. माल जिथे भरला तिथली जकात ती थळभरीत, आणि जिथे विकायला उतरला तिथली ती थळमोड. मधल्या नाक्यांवरचे देणे निराळे. व्यापाऱ्याने माल पेठेत घेताना दिलेली किंमत ही किमतीची सुरुवात असे, शेवट नव्हे. माझ्या पुतणीने थळमोडीचा हिशेबच धरला नव्हता, एवढेच.

जकात म्हणजे नुसती लूट, असे मात्र समजू नये. १६७१ सालचे शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातले मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडे वळत आणि कोकणातल्या मिठागरांचा माल पडून राही. महाराजांनी कुडाळकडच्या आपल्या सरसुभेदाराला लिहिले, की बारदेशच्या मिठावर जकात अशी बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. आज परदेशी वस्तूंवरच्या शुल्काचे समर्थन करताना अर्थमंत्री जे बोलतात, ते रायगडाच्या राजाने साडेतीनशे वर्षांपूर्वी मिठाच्या निमित्ताने सांगून ठेवले होते.

पेशवाईच्या अखेरीस मात्र नाक्यांचा सुळसुळाट झाला. त्यांतले बरेच मक्त्याने दिलेले. अशा वेळी व्यापाऱ्याच्या मदतीला येई तो हुंडेकरी. मला या साऱ्या इतिहासात हा माणूस फार आवडतो. तो एकठोक रक्कम घेई, माल पोचवी आणि वाटेतल्या सगळ्या जकाती आपण भरी. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या हुंडेकऱ्यांची नोंद आहे. कुठल्या नाक्यावर काय द्यावे लागेल, ही धास्ती हुंडेकऱ्याने आपल्या अंगावर घेतलेली असे आणि तिचाच तो मोबदला घेई.

पुढे मुंबई इलाख्यातल्या अंतर्गत जकाती १८३८ मध्ये इंग्रजांनी उठवल्या. नगरपालिकांची जकात त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. मुंबईच्या वेशीवरचे नाके तर २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आल्यावर बंद झाले. सागरी जकात मात्र कधीच गेली नाही. १८७८ चा कायदा होता, त्याच्या जागी १९६२ चा कस्टम्स कायदा आला आणि तो आजही चालू आहे. ‘ड्यूटी’ हा शब्द आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांच्याही तोंडी असे, तो आखाती नोकऱ्यांमुळे. कुवेत, मस्कत, दुबईहून मुलगा सुटीवर आला, की एसटीच्या टपावरून दोरांनी बांधलेले खोके उतरत. सलाम-दुवा आटोपताच पहिला प्रश्न येई, ‘‘टेपरेकॉर्डरची ड्यूटी किती पडली?’’

मग आज दारात आलेली रक्कम एवढी फुगते कशी? समजा, वस्तू हजार रुपयांची आणि टपालखर्च व विमा पाचशेचा. कस्टम्सवाले शुल्क धरतात ते पंधराशेवर. ते वीस टक्के मानले तर तीनशे रुपये. त्यानंतर जीएसटी लागतो तो अठराशेवर, म्हणजे शुल्कावरही कर. तो अठरा टक्के मानला तर आणखी तीनशे चोवीस. वस्तूवस्तूला दर निराळे, पण रीत ही. पुष्कळ परदेशी दुकानदार उपकार केल्यासारखे पार्सलवर ‘भेट’ असे लिहून पाठवतात. त्याने उलट घोटाळा होतो. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून, पूर्ण शुल्क न भरता, वस्तू मागवण्यास बंदी आहे. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. बहिणीच्या राखीला सरकारी अधिसूचनेत जागा मिळाली, याचे मला कवी म्हणून कौतुक वाटते.

एक सावधगिरीही सांगतो. पोस्टमन रक्कम मागतो तेव्हा हातात कागद असतो. त्यावरची आकारणी वाचावी. वस्तूची किंमत चुकीची धरली असेल, तर खरेदीची पावती जोडून तक्रार करता येते. आकारणीच्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत अपीलही करता येते. पण ‘तुमचे पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे, या नंबरवर पैसे टाका’ असा फोन आला तर तो सरळ बंद करावा. कस्टम्स खाते कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही.

आम्ही कागद वाचला. टपालखर्च किमतीत धरलेला होता, गणित बरोबर होते. पार्सल परत पाठवले असते तर भरलेले पैसे कधी मिळाले असते कोण जाणे! निम्मे तिने दिले, निम्मे मी. पुढच्या महिन्यात तिला आणखी एक शाई हवी होती. फोनवर दुकानाची पाटी उघडून ती माझ्याजवळ आली. सगळे शुल्क आधीच घेऊन माल घरपोच देण्याची सोय काही दुकाने आता ठेवतात, तशी एक ओळ तिला तिथे सापडली होती. म्हणाली, ‘‘चाचा, यांच्याकडे हुंडेकरी आहे. पण तो किती घेतोय, ते जरा बघता का?’’

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)