भारत ४, फिलिपिन्स ३ : महिला आईस हॉकीतील पहिला विजय

मार्च २०१७ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई चॅलेंज चषक स्पर्धेत भारताच्या महिला आईस हॉकी संघाने फिलिपिन्सचा ४-३ असा पराभव केला. भारतीय महिलांचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय होता. आदल्या वर्षी तैपेई येथील पदार्पणात त्यांना एकही सामना जिंकता आला नव्हता.

बर्फावरील या खेळात चेंडूऐवजी रबराची टणक चकती असते. गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू उतरतात आणि वीस मिनिटांची तीन सत्रे होतात. एका गोलाची आघाडी येथे फारशी भरवशाची नसते. पिछाडीवरील संघ अखेरच्या मिनिटांत गोलरक्षकालाच बाहेर बोलावून आणखी एक आक्रमक खेळाडू उतरवू शकतो.

भारतीय संघातील बहुतेक खेळाडू लडाखच्या होत्या. तेथे तळी जेमतेम दोन महिने गोठलेली असतात आणि सरावाचा काळही तेवढाच. काही ठिकाणी रात्री शेतात पाणी सोडून मैदान तयार केले जाते. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारलेले कृत्रिम बर्फाचे मैदान त्या काळात बंद होते. उलट उष्ण कटिबंधातील फिलिपिन्समध्ये मनिला परिसरातील व्यापारी संकुलांत बारमाही बर्फ उपलब्ध होता! भारतीय संघाच्या खर्चासाठी लोकवर्गणीही गोळा करावी लागली होती.

याच स्पर्धेत भारताने मलेशियालाही ५-४ असे, पुन्हा एकाच गोलाने, हरविले. २०२५ मध्ये अल ऐन येथील महिला आशिया चषक स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळविले.