देवमासा, अरबी समुद्रातील

सिटॅसिया गणातील प्रचंड सागरी सस्तन प्राण्यांस देवमासा म्हणतात. नावात मासा असला, तरी तो फुप्फुसांनी श्वसन करतो व मादी पिलास दूध पाजते. साष्टी बेटाच्या वायव्य टोकावरील उत्तन येथे डोल जाळ्यांनी बोंबील पकडतात. तेथील उथळ, गढूळ पाणी मोठ्या देवमाशांचे नव्हे. कोकण किनाऱ्यास ते बहुधा मृत वा मरणोन्मुख स्थितीतच दिसतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्यास निळा देवमासा, तर जानेवारी २०१६ मध्ये जुहूस ब्राइड देवमाशाचे शव किनाऱ्यास लागले.

देवमाशांचे पूर्वज भूचर होते. त्यांचा जवळचा आप्त इंडोहायस हा मांजराहून थोडा मोठा, खुरे असलेला प्राणी, त्याचे सु. ४·८ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे मिळाले. कानाच्या हाडाच्या विशिष्ट जाडीवरून हे नाते २००७ मध्ये स्पष्ट झाले. कच्छमधील आद्य देवमाशांचे जीवाश्म अशोक साहनी व विजय प्रकाश मिश्रा यांनी १९७५ मध्ये वर्णिले होते. हयात प्राण्यांत पाणघोडा हा देवमाशांचा सर्वांत जवळचा आप्त होय.

अरबी समुद्रातील कुबड्या देवमासा विशेष उल्लेखनीय आहे. इतरत्र ही जाती अन्नासाठी ध्रुवीय समुद्रांकडे व प्रजननासाठी उष्ण समुद्रांत जाते. येथे मात्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येऊन अन्न विपुल होते, म्हणून दोन्ही येथेच घडतात. हा समूह सु. ७०,००० वर्षे इतरांपासून अलग आहे. त्याचे वेगळेपण उमगले ते मात्र कत्तलीतून. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएट जहाजांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारतालगत २३८ कुबड्या देवमासे बेकायदा मारले आणि आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगापासून हे आकडे दडविले. १९९० नंतर ते उजेडात आले. मारलेल्या माद्यांच्या गर्भांवरून त्यांचे ऋतुचक्र उत्तर गोलार्धाचे असल्याचे दिसून आले. ओमानलगतच्या गणनेनुसार आता शंभरांहूनही कमी प्राणी उरले आहेत. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-प्रेषक बसविलेली ‘लुबान’ ही मादी गोव्यावरून कन्याकुमारीपर्यंत जाऊन परतली. दोन्ही किनाऱ्यांचा समूह एकच असावा, या तर्कास त्यामुळे बळ मिळाले.

हिंदी महासागर १९७९ मध्ये देवमाशांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यांस संरक्षण आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास रु. २५,००० पर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली.