'ॲ' कुठे हरवला? आपल्या अक्षरांचा आणि आपल्या दस्तऐवजांचा प्रश्न

अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख आहे. शिलाहार राजवटीतली ती अक्षरे अभ्यासक आजही वाचतात. त्याच अंबरनाथ पूर्वेत एका विहाराच्या जुन्या स्मरणिकेची सीडी आमच्या हाती आली. जेमतेम वीस वर्षांपूर्वीची. फाईल उघडली तर एकही मराठी अक्षर नाही. सगळी इंग्रजी अक्षरे, आणि मध्ये मध्ये युरोपीय भाषांतली, डोक्यावर टिंबे नि तिरक्या रेघा असलेली. धम्मदीक्षा घेतलेल्या ज्येष्ठांच्या आठवणी त्यात होत्या.

हा निव्वळ तांत्रिक बिघाड आहे का? आम्हाला तसे वाटत नाही.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढले, 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत', 1930 मध्ये 'जनता'. तो काळ शिशाच्या खिळ्यांचा. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधायचा. काम कष्टाचे, पण छापलेले पान वाचायला डोळ्यांशिवाय काही लागत नाही. म्हणून 1920 चा अंक आज वाचता येतो आणि आपली कालची फाईल वाचता येत नाही.

कारण असे. जुन्या फाँटमध्ये जागा फक्त 256. त्या इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांसाठी ठरलेल्या. फाँट बनवणाऱ्यांनी त्याच जागांवर काना, वेलांटी, अर्धा त, जोडाक्षर द्ध असे तुकडे बसवले. श्रीलिपी, कृतिदेव, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. पडद्यावर 'बुद्ध' दिसायचा. संगणकाच्या लेखी ती परकी चिन्हेच होती. फाँट गेला की बुद्धही गेला.

1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्यात 'ऑ' होता, 'ए'वर चंद्र दिलेला 'ऍ' होता. पण मराठीत आपण लिहितो तो 'ॲ' नव्हता. तो 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत आला. मधली सतरा वर्षे कुणी 'ऍ' वापरला, कुणी 'अ'ला वेगळा चंद्र जोडला. वाचायला एकच, पण संगणकासाठी ते वेगवेगळे शब्द.

आता 'ॲ'ने सुरू होणारे आपले शब्द आठवा. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. ॲडव्होकेट. आणि 1989 च्या कायद्याचे सर्वांच्या तोंडी असलेले नाव, ॲट्रॉसिटी. एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले निवेदन फाईलमध्ये असूनही सापडत नाही. जे शोधून सापडत नाही, ते उद्याच्या संशोधकासाठी घडलेलेच नसते.

यात कुणाचा कट होता असे आमचे म्हणणे नाही. 'ॲ' सगळ्याच मराठी लिहिणाऱ्यांना नव्हता. पण नुकसान सारखे झाले नाही. मोठ्या दैनिकांकडे ग्रंथालय असते, माणसे असतात, पैसा असतो. आपल्या चळवळीचा इतिहास मात्र जयंतीच्या स्मरणिकेत, पत्रकात आणि एखाद्या डीटीपीवाल्याच्या कपाटात असतो. दुकान बंद झाले की इतिहास बंद.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. जुनी फाईल टाकू नका. आधी तिचा फाँट कोणता ते शोधा. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. 'द्ध', 'त्त', 'करणाऱ्या'तला 'ऱ्य' आणि पहिली वेलांटी हमखास चुकते. छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासा. 'ॲ' एकाच पद्धतीने लिहा. आणि छापील प्रत जपाच.

आमच्या स्मरणिकेची छापील प्रत एका आजींच्या ट्रंकेत मिळाली. ती शेजारी ठेवून आम्ही अर्धी फाईल दुरुस्त केली आहे. उरलेली रविवारी विहारात बसून करणार आहोत. ज्यांना शुद्धलेखन येते त्यांनी यावे.

जय भीम.