शिवेवरील किल्ले : मुंबई बेटाच्या उत्तर सीमेचा विचार

भूमध्य समुद्रांतील सिसिली बेटांत प्रवास करणारास एन्ना, एरिचे यांसारखीं जुनीं नगरें डोंगरमाथ्यांवर वसलेलीं दिसतात. उंचावर शत्रूपासून बचाव होई, म्हणून तेथें वस्तीच शिखरावर गेली. मुंबई बेटाचा प्रकार निराळा आहे. येथें कोळी, आगरी, भंडारी यांची वस्ती पाण्याकाठीं व सखल भूमींत राहिली, आणि टेकड्यांवर चढल्या त्या चौक्या व तोफा. हीं स्थळें परस्परांस इतकीं जवळ आहेत कीं, दादरहून मोटारीनें निघालें असतां शिवडी, शीव, धारावीचा काळा किल्ला, माहीम व वरळी एका दिवसांत पाहून होतात. अशीं ओळीनें पाहिलीं म्हणजे, एकेक किल्ला सुटा पाहतांना जी गोष्ट ध्यानांत येत नाहीं, ती येते. हे किल्ले सुटे नसून बेटाच्या पूर्व, उत्तर व वायव्य कडेनें धरलेली ती एकच रांग होय.

मुंबई इ. स. १६६५ मध्यें इंग्रजी राजाच्या ताब्यांत आली व १६६८ मध्यें कंपनीस मिळाली. खाडीपलीकडील साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. मराठींत शीव म्हणजे हद्द, आणि शीव येथें तेव्हां दोन राज्यांची हद्द खरोखरच होती. तेथील टेकडीवरचा किल्ला जेराल्ड आँजियर याच्या कारकीर्दींत (१६६९–७७) झाला. वरळीचा किल्ला १६७५ च्या सुमाराचा व शिवडीचा १६८० चा होय. ह्या रांगेची परीक्षा लौकरच झाली, व तींत ती उतरली नाहीं. १६८९ मध्यें जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला. माझगांव, माहीम, शीव हीं त्यानें घेतलीं, आणि जून १६९० पर्यंत इंग्रज आपल्या कोटांत कोंडून राहिले.

ह्या सर्वांत इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा ठरतो तो काळा किल्ला ऊर्फ रिवा. तो टेकडीवर नाहीं. मिठी नदीच्या कांठीं सखल जागीं आहे. टेकडीवरून पाहणी होते, उतार अडविण्यास मात्र पाण्याजवळच यावें लागतें. प्रेसिडेंट व गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेनें तो १७३७ त बांधला, असें त्याच्या भिंतींतील इंग्रजी शिलालेख सांगतो. त्याच वर्षीं मार्चमध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें व साष्टीचा बहुतेक भाग त्यांच्या हातीं आला. शिलालेखांत बांधणीचें कारण दिलेलें नाहीं. परंतु स्थळ व साल यांचा हा मेळ केवळ योगायोग मानणें कठीण आहे.

पुढील घटनांनीं ह्या अनुमानास पुष्टि मिळते. मे १७३९ मध्यें चिमाजी आपांनीं वसई घेतली. त्याच वर्षीं माहीमसमोरील वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांच्या उपयोगी पडूं नये म्हणून इंग्रजांनीं तो पाडविला. मुंबईच्या कोटाभोंवतीं खंदक खणण्यास व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपये वर्गणी दिली.  एकीकडे ही तयारी चालू असतां दुसरीकडे कॅप्टन गॉर्डन शाहूमहाराजांकडे साताऱ्यास गेला, आणि कॅप्टन इंचबर्ड यानें वसईस जुलैमध्यें तह ठरवून पेशव्यांच्या मुलखांत व्यापाराची मोकळीक मिळविली. तहाचा कागद स्नेहाची भाषा बोलतो, तर दगड व खंदक भयाची. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज इंग्रजांचें त्या वेळचें धोरण समजत नाहीं.

आपण वसईची मोहीम बहुधा मराठी व पोर्तुगीज साधनांवरून पाहतों. शेजारीं उभा राहून ती पाहणारा तिसरा पक्ष काय समजला, ह्याचा पुरावा दादरपासून थोड्या अंतरावर उघड्यावर उभा आहे. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. १८०३ मध्यें शीवेचा बांध पुरा होऊन हद्दीचा रस्ता झाला. तेव्हांपासून ह्या किल्ल्यांचें प्रयोजन संपलें. काळा किल्ला तर आज झोपड्यांच्या दाटींत सांपडला आहे. कागदाची नक्कल ठेवतां येते. जागेवरच्या दगडाचा अर्थ तो जागेवर असेल तोंवरच पुरा लागतो. म्हणून ह्या रांगेचें मोजमाप, नकाशे व शिलालेखाचा ठसा एकत्र प्रसिद्ध होणें अगत्याचें आहे.