बिनपत्त्याच्या यंत्रांची कुळकथा

हातखंबा तिठ्यावर चहाला गाडी थांबली, की कोणीतरी फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप उघडतो. दोन-तीन सेकंदांत लॅपटॉपला आयपी पत्ता मिळालेला असतो. जुन्या अँड्रॉइड फोनांवर तो सहसा १९२.१६८.४३ ने सुरू होतो. तो कोणी टाइप केलेला नसतो. तेवढ्या वेळात लॅपटॉपने पाठवणाऱ्याच्या रकान्यात चार शून्यं आणि घेणाऱ्याच्या रकान्यात चारदा २५५ टाकून हाळी दिलेली असते: पत्ता देणारं कोणी आहे का? फोन एक पत्ता पुढे करतो, लॅपटॉप ‘हाच द्या’ म्हणतो, फोन ‘दिला’ म्हणतो. चार निरोपांत व्यवहार संपतो. त्याचं नाव डीएचसीपी.

या व्यवहाराचं मूळ बिनडिस्कच्या संगणकांत आहे. १९८० च्या दशकात हार्ड डिस्क महाग होती, म्हणून विद्यापीठांत डिस्क नसलेली वर्कस्टेशनं आली. बटण बंद केलं की सगळं पुसलं जायचं. पुन्हा सुरू झाल्यावर यंत्राला स्वतःबद्दल एकच गोष्ट ठाऊक असे: नेटवर्क कार्डावरचा कारखान्यातला क्रमांक. तेवढ्या भांडवलावर पत्ता विचारायची रीत स्टॅनफर्डच्या मंडळींनी जून १९८४ मध्ये लिहून काढली. तिचं नाव आरएआरपी. पण तिची हाळी राउटरपलीकडे पोचत नसे, आणि उत्तरात नुसता पत्ता मिळे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी आणलं. त्यात निरोप राउटर ओलांडू शके आणि कुठली फाइल आणून सुरू व्हायचं, हेही यंत्राला कळे. कारकुनी मात्र सुटली नाही. प्रत्येक यंत्राचा क्रमांक आणि पत्ता व्यवस्थापकाने आधी फाइलीत लिहून ठेवायचा; नवं यंत्र आलं की नवी ओळ.

ती ओळ गेली ऑक्टोबर १९९३ मध्ये. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातले राल्फ ड्रॉम्स यांनी डीएचसीपीचा मसुदा प्रसिद्ध केला. पत्ते आता मुदतीच्या भाड्याने मिळू लागले. निम्मी मुदत सरली की यंत्र स्वतःच नूतनीकरण मागतं. नूतनीकरण न झाल्यास मुदत संपताच पत्ता परत साठ्यात जातो. ड्रॉम्स यांचं खरं शहाणपण असं, की त्यांनी बूटपीचा छापील नमुना फाडला नाही, त्यातच नवे रकाने भरले. म्हणून आजही डीएचसीपीच्या निरोपात बूट-फाइलच्या नावासाठी राखलेली १२८ बाइटची जागा असते. तिठ्यावरच्या त्या लॅपटॉपच्या निरोपात ती बहुधा रिकामीच जाते.

विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतरही कितीतरी कॉम्प्युटर क्लासांत सर वहीत बघून पत्ते हाताने घालत. दोन मशिनांना एकच आकडा पडला, की विंडोजची चौकट पत्त्याची टक्कर झाल्याचं सांगे आणि सगळी बॅच खोळंबे.

मग आली आभासी यंत्रं, म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने चालवलेले संगणक, आणि प्रश्न उलटा झाला. व्हीएमवेअरचा सर्व्हरसाठीचा ईएसएक्स २००१ मध्ये बाजारात आला. एक सर्व्हर नीट बसवायचा आणि त्याच्या हव्या तेवढ्या नकला काढायच्या. बिनडिस्कच्या यंत्राला काहीच आठवत नसे. नकलेला मूळ यंत्राचं सगळं आठवतं.

पहिला फटका लिनक्सवाल्यांना बसला तो ‘७०-पर्सिस्टंट-नेट’ या फाइलीचा. कुठल्या नेटवर्क कार्डाला ईटीएच-० हे नाव, हे ती फाइल कार्डाच्या क्रमांकानिशी लिहून ठेवी. नकलेला व्हीएमवेअर नवा क्रमांक देई; फाइल म्हणे हे कार्ड माझ्या ओळखीचं नाही, आणि त्याला ईटीएच-१ करी. पत्ता ईटीएच-० साठी लिहिलेला, म्हणून यंत्र सुरू होऊनही मुकं. हातखंब्यावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग २०१० च्या फेरआखणीत १७ चा ६६ झाला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी १७ च राहिला, तसलाच हा घोळ.

शिवाय सर्व्हरला भाड्याचा पत्ता चालतोच असं नाही. ज्याला इतर शोधत येतात, त्याचा पत्ता ठरलेला हवा. याची एक सोय २००९ मध्ये आलेल्या ओव्हीएफ या मानकात होती. तयार अप्लायन्स, म्हणजे सगळं आधीच बसवलेलं आभासी यंत्र, बसवताना पत्ता, मास्क, गेटवे एका फॉर्ममध्ये भरायचे. ती माहिती सीडीच्या रूपात यंत्राला जोडली जाते आणि पहिल्या सुरुवातीला आतली स्क्रिप्ट ती वाचून सेटिंग करते. थोडक्यात, वहीतला पत्ता परत आला, फक्त यंत्राला तो स्वतः वाचता येऊ लागला. ॲमेझॉनने वेगळी वाट धरली: आतल्या यंत्राने १६९.२५४.१६९.२५४ या कायमच्या पत्त्यावर जाऊन आपलं नाव-गाव विचारायचं.

उबुंटूच्या घरात वाढलेलं क्लाउड-इनिट हे सॉफ्टवेअर या दोन्ही वाटा जाणतं. ते यंत्राचा ओळख-क्रमांक (कार्डाचा नव्हे) डिस्कवर लिहून ठेवतं आणि दर सुरुवातीला बाहेरून मिळालेल्या क्रमांकाशी ताडून पाहतं. जुळला नाही, तर आपण नक्कल आहोत असं समजून मांडामांड पुन्हा पहिल्यापासून.

तरीही उबुंटू १८.०४ च्या नकला एकच पत्ता मागताना सापडल्या. कार्डांचे क्रमांक वेगवेगळे होते, पण डीएचसीपीला सांगायची ओळख मशीन-आयडी नावाच्या फाइलीतून काढली जात होती, आणि ती नकलेत जशीच्या तशी आली होती. म्हणून मूळ साचा बंद करण्यापूर्वी ती फाइल रिकामी करून ठेवतात. मग प्रत्येक नक्कल आपला आयडी नव्याने घडवते. काही यंत्रांत डीबस या सेवेपाशी तिची दुसरी प्रत पडलेली असते. ती तशीच राहिली, तर नवीन आयडी म्हणून जुनाच परत येतो.