लोकरी मावा आणि त्याचे वैरी : सीमाभागातील ऊसशेतीचे एक प्रकरण

बेळगाव-निपाणी भागाचा अर्वाचीन इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक बहुधा १ नोव्हेंबर १९५६ या दिवसापासून प्रारंभ करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या भूमीविषयी इतका वाद झाला, त्या भूमीत काय पिकले, काय करपले आणि कोणत्या जीवाने काय खाल्ले, याची नोंद आमच्या इतिहासलेखनात फारशी आढळत नाही. दप्तरांत सारा सापडतो, तगाई सापडते, दुष्काळ सापडतो. कीड मात्र क्वचितच. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका किडीची हकीकत मांडणार आहोत. ती पाहिलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत, म्हणूनच ती आताच लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

उसावरील लोकरी माव्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८९७ मध्ये जावा बेटातून झाले. भारतात त्याची नोंद १९५८ साली पश्चिम बंगालमध्ये झाली आणि पुढे अनेक वर्षे तो आसाम-नागालँडकडील कीड म्हणूनच ओळखला जात होता. जुलै २००२ मध्ये तो एकाएकी सांगली जिल्ह्यात प्रकटला. त्याच वर्षी तो बेळगाव जिल्ह्यात शिरला आणि दोन वर्षांत दक्षिणेच्या बहुतेक ऊसपट्ट्यात पसरला. यात नवल काही नाही. मिरजेपासून कागवाड-उगारपर्यंत आणि दूधगंगा-वेदगंगेच्या काठाने निपाणी-चिकोडीपर्यंत उसाचे रान जवळजवळ अखंड आहे. पंख फुटलेला मावा वाऱ्यावर जातो, आणि वारा सीमेवरील नाक्यावर थांबत नाही. शिवाय उसाबरोबर वाढ्यांच्या पेंढ्याही वैरणीसाठी गावोगाव जात होत्या. पानांना चिकटलेल्या किडीला याहून सोयीचे वाहन कोणते?

या माव्यात नराची गरजच पडत नाही. मादी जिवंत पिलांना जन्म देते आणि वंश झपाट्याने वाढतो. पानाच्या खालच्या बाजूस मध्यशिरेलगत त्याच्या वसाहती बसतात. अंगावर मेणाचे पांढरे तंतू असल्याने पानाखाली कापूस पिंजून चिकटवल्यासारखे दिसते. हा जीव रस शोषतो आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा गोड द्रव खालच्या पानांवर ठिबकतो. ज्वारीवर असे झाले म्हणजे आपले शेतकरी 'चिकटा पडला' म्हणतात. तोच अस्सल शब्द येथेही शोभतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पानास सूर्यप्रकाश मिळेनासा होतो, वाढ खुंटते आणि साखरेचा उतारा घटतो. वर पांढरे आणि खाली काळे, असा तो फड दिसे. ज्याच्या वर्षाच्या संसाराची भिस्त एका आडसाली फडावर आहे, त्याला त्या दोन रंगांचा अर्थ सांगावा लागत नसे.

प्रथम जो उपाय झाला तो औषधाचा. पंप आणि भुकटी घेऊन लोक फडात उतरले. परंतु पुरुष-दीड पुरुष उंचीच्या, पाने एकमेकांत गुंतलेल्या उसात फवारा पानाखाली पोचवणे किती कठीण, हे त्या फडातून चालून पाहिल्यावाचून कळणार नाही. औषध माव्यापर्यंत नीट पोचत नव्हते. फवारणाऱ्याच्या नाकातोंडात मात्र खास जात होते. आणि माव्यावर जगणारे जे कीटक तेथे हळूहळू जमू लागले होते, तेही त्यात मरत.

या कीटकांची ओळख हाच या प्रकरणाचा गाभा आहे. पहिला डिफा, ज्यास कोनोबाथ्रा असेही नाव आहे. हा एका पतंगाची अळी. अळी म्हटली की ती पाने कुरतडणारी, असा आपला समज. ही मात्र मांसाहारी. माव्याच्या वसाहतीतच रेशमी जाळे विणून त्याच्या आडोशाने ती एकामागून एक मावा फस्त करते. दुसरा मायक्रोमस, तपकिरी पंखांचा नाजूक कीटक. त्याची अळी आणि प्रौढ, दोघेही मावा खातात. तिसरी एन्कार्शिया, डोळ्यांस जेमतेम दिसणारी गांधीलमाशीच्या कुळातील माशी; ती माव्याच्या शरीरातच अंडी घालते. पहिले दोन आमच्याच फडांत आढळले. तिसरी आसामातून आणून सोडण्यात आली. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मायक्रोमसच्या पैदाशीची पद्धत बसवली. महाराष्ट्रात जाळीच्या मांडवाखाली उसावर मावा पोसून त्यावर डिफा वाढवण्यात आला. हेक्टरी डिफाच्या १००० अथवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडाव्या आणि नंतर विषारी औषध मारू नये, अशी शिफारस झाली. शेतकरी स्वतःही अळ्या असलेली पाने कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन टाचू लागले. आपल्या हातांनी शेतात अळ्या सोडणे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीच्या अगदी उलट होती, आणि तरीही ती घडली. आमच्या दृष्टीने या प्रकरणातील खरी ऐतिहासिक घटना हीच होय.

२००५ च्या सुमारास माव्याचा जोर ओसरला. तो नाहीसा झाला नाही. ढगाळ, दमट हवेत अधूनमधून डोके वर काढतो, पण त्याच्यामागोमाग त्याचे वैरीही येतात. याचे श्रेय प्रयोगशाळेचे की निसर्गाचे, यावर वाद घालता येईल. वैरी आधीच फडांत होते, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांना ओळखून, वाढवून आणि औषधापासून वाचवून त्यांचे काम लवकर घडवून आणले, एवढे श्रेय माणसास द्यावे, असे आम्हास वाटते.

असा प्रयोग आपल्या देशास अगदी अपरिचित होता असेही नाही. १७९५ मध्ये किरमिजी रंगासाठी ब्राझीलमधून एक कीटक येथे आणला गेला. तो रंगाच्या कामाचा निघाला नाही, पण निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. फड्या निवडुंग मात्र त्यास बधला नाही. त्यासाठी १९२६ मध्ये सिंहलद्वीपातून दुसरा कीटक आणावा लागला. तेथे चूक आधी झाली आणि ज्ञान मागाहून आले.

एक भाषिक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. त्या वर्षांत धारवाडची माहिती कानडीत येई, राहुरी-कोल्हापूरची मराठीत. ज्याचा ऊस प्रसंगी एका राज्यात वाढतो आणि दुसऱ्या राज्यात गाळला जातो, तो निपाणीचा शेतकरी दोन्हीकडचे ऐके. 'मित्रकीटक' हा शब्द पुस्तकातून बांधावर आला आणि टिकला. हुमणी, खोडकिडा, तुडतुडे, टारफुला ही नावे मात्र बांधावरचीच आहेत. ती कोशात उतरवताना कोणत्या गावी कोणत्या जीवास उद्देशून शब्द वापरतात, हे शिक्षकांनी पडताळून पाहिले पाहिजे, कारण एकच नाव दोन गावांत दोन जीवांना लावले जाते. निपाणीच्या तंबाखूच्या मुळावर जगणारा, हिरवे पान नसलेला बंबाखू तर नावातच तंबाखूचे यमक घेऊन बसला आहे. त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे टिकते, आणि तो फुलण्यापूर्वी वाकून, हातानेच उपटावा लागतो.