अंगठा, बोटं आणि डोळे

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. कागदावर अंगठा उठवण्याची रीत इथे त्याहून कितीतरी जुनी आहे.

या रीतीला सरकारी वजन मिळालं ते बंगालमध्ये. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने कंत्राटदार राज्यधर कोनाईच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. कंत्राटदाराने पुढे सही नाकारू नये, एवढाच हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. तिथल्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं डोकं होतं. नाव मात्र साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं झालं!

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार वाटलं गेलं. दहा बोटं, दोन बुबुळं आणि चेहरा अशी नोंद. मग रेशन दुकानात बोटाचा ठसा या नोंदीशी ताडून पाहणारं ई-पॉस यंत्र आलं.

अडचण इथेच आहे. गोंदिया धानाचा आणि विडीचा मुलूख. रोवणीच्या चिखलात, तेंदूपानं कापण्यात बोटांच्या रेषा झिजतात, आणि यंत्राला माणूस ओळखू येत नाही. म्हणून बुबुळ किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय ठेवावे लागले.

दुसरीकडे चोरही हुशार झाले. ते रबराचे ठसे बनवू लागले. त्यावर २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने कृत्रिम बुद्धिमत्तेची तपासणी आणली. बोट जिवंत आहे की नकली, हे ती पाहते. झिजलेल्या बोटाचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही.